निळ्या पिशवीतला भोपळा

सुरीबाईंचं खरं नाव ठाऊक असलेला गावात एकच माणूस, त्यांचा नवरा, आणि तोही ‘अगं’वर भागवायचा. बाकी सगळ्यांसाठी त्या सुरीबाई. त्यांच्या एप्रनच्या खिशात लाकडी मुठीची, घासून घासून निम्मी झालेली सुरी कायम असायची. तिची धार जास्त की बाईंच्या जिभेची, यावर शेडमध्ये पैजा लागत, अर्थात बाईंची पाठ वळल्यावर.

शेड म्हणजे गावाच्या कडेचं जुनं गॅरेज. ट्रक दुरुस्त करणारे कधीच निघून गेले होते, पण फरशीतला ऑइलचा वास काही गेला नव्हता. आठवड्यातून एकदा सकाळी आसपासचे छोटे मळेवाले, परसात वाफे करणारे, गच्चीवर कुंड्या मांडणारे हौशी, सगळे आपापला माल तिथे घेऊन येत. लांब टेबलांवर तो कापडी पिशव्यांमध्ये भरला जाई आणि व्हॅनवाला त्या पिशव्या घरोघरी पोचवी. एकटे राहणारे म्हातारे, बाळंतिणी, आजारातून उठलेले, शिवाय ज्यांना बाजारातला लांबून आलेला मरगळलेला माल नकोसा झालाय असेही लोक. मागच्या आठवड्याची रिकामी पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि भरलेली घ्यायची, एवढाच व्यवहार.

शेडचा नियमही एकच होता आणि तो बाईंनीच घातलेला. कुणाचाही माल दुसऱ्याने चाखल्याशिवाय पिशवीत जाणार नाही. “आपल्या पोराचा शेंबूड कुणाला दिसतो का?” असं त्या विचारायच्या. चाखायचं काम मग आपसूक त्यांच्याकडेच आलं. क्रेट समोर आला की खिशातून सुरी निघे, एक चकती कापली जाई, बाई डोळे मिटून चावत आणि निकाल देत. तो निकाल फिरवायची सोय नव्हती. बाईंनी थुंकलेली गाजरं आणि बाईंनी नाक मुरडलेले टोमॅटो घेऊन मुकाट घरी गेलेले लोक गावात पुष्कळ होते.

आता कुणी विचारील की बाईंचा स्वतःचा माल कोण चाखायचं? नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी. पण त्या दुसऱ्याची छाती व्हायला हवी ना. बाईंचा क्रेट आला की सगळे बाजूला सरकत, आणि तो सरळ भरायच्या टेबलावर जाई. बाईंनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपण जे पिकवतो ते चांगलंच असणार, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यावर विचार करायची गरजच पडली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मधवाल्याची पाळी होती. मधवाला म्हणजे बाईंच्या मळ्याला लागून मळा असलेला, उंच, वाकलेला, कमी बोलणारा गृहस्थ. बांधावर त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या रांगेत ठेवलेल्या असत. त्याने क्रेटभर भोपळे आणले होते, छोटे, गोल, दोन्ही हातांत मावणारे. बाईंनी चकती कापली, चावली.

“पाणी आहे नुसतं,” त्या म्हणाल्या. “चवीच्या नावाने शंख. लोकांना भूक लागलीय, तहान नाही.”

टेबलाभोवतीचे लोक हसले. मधवाला हसला नाही. त्याने क्रेट उचलला, स्कूटरच्या मागे बांधला आणि निघून गेला. त्याच्या भोपळ्यांच्या जागी बाईंचे भोपळे भरले गेले, गर्द हिरवे, चमकदार, बघत राहावेत असे. त्यातला सगळ्यात देखणा बाईंनी आधीच बाजूला काढून ठेवला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या पिशवीत ठेवला.

ही निळी पिशवी त्यांच्या लेकीची.

शेडच्या या उपक्रमाच्या सगळ्या पिशव्या बाईंच्या यजमानांनी शिवलेल्या. ते शिंपी. लोकांकडून जुने पडदे, चादरी जमवून त्यांनी ढीगभर पिशव्या शिवल्या होत्या. निळी मात्र त्यांच्याच घरातल्या, लेकीच्या खोलीतल्या पडद्याची. लेक लग्न होऊन नदीपलीकडे, विटांच्या कारखान्याजवळच्या चाळवजा इमारतीत राहायला गेली, तेव्हा बाई तिचं नवं घर बघायला गेल्या आणि दारातून आत जातानाच सुरू झाल्या. ओटा ठेंगणा आहे. खिडकी चुकीच्या बाजूला आहे. जावयाने रंग दिलाय की माती फासलीय. लेक शांतपणे म्हणाली, “आई, तुला काही आवडेपर्यंत तू इथे येऊ नकोस.”

त्या गेल्या नव्हत्या. फोनही बेताचाच. लेकीला दिवस गेल्याचंसुद्धा बाईंना यजमानांकडून कळलं. पण दर आठवड्याला निळी पिशवी जायची, आणि पुढच्या आठवड्याला धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून परत यायची. इतर पिशव्या चोळामोळा होऊन येत. ती घडी उलगडायला बाईंना नेहमी जरा वेळ लागायचा.

पिशव्या वाटल्या गेल्या, शेड झाडून झाली आणि बाई घरी आल्या तेव्हा जेवायची वेळ झाली होती. वाटपाच्या दिवशी स्वयंपाक यजमानांकडे असे. त्यांनी बाईंचाच एक भोपळा चिरून भाजी केली होती आणि वाट न बघता जेवायलाही बसले होते. बाई हात धुऊन समोर बसल्या. यजमान भाजीकडे बघत होते आणि घास काही उचलत नव्हते.

“काय झालं?”

“काही नाही,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “अगं, मी काही म्हणत नाही. पण तू जरा चाखून बघ.”

“तुमच्या तोंडाला चव नाही. सर्दीच्या गोळ्या घेताय ना.”

“असेल तसंच,” यजमान म्हणाले आणि त्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं.

बाईंनी त्यांच्याच ताटातली एक फोड तोंडात टाकली. पहिल्यांदा मीठ लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूने काहीतरी वर आलं, असं कडू की घसा आपोआप मिटला. त्या उठून मोरीकडे धावल्या, थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. ओट्यावर अर्धा कच्चा भोपळा पडला होता. त्यांनी सुरी काढली, पातळ चकती कापली आणि नुसती जिभेच्या टोकाला लावली. तेच.

“किती खाल्लंत तुम्ही?”

“दोन घास गिळले.”

“कडू लागत असताना?”

यजमान चाचरले. “तुझा भोपळा. म्हटलं, बोललो तर तू चिडशील.”

भोपळा कडू का होतो हे त्यांना चांगलंच माहीत होतं, शेडमध्ये नव्या लोकांना त्याच तर सांगत असत. दुकानातलं बी आणलं तर सहसा धोका नाही. घरचं बी धरायचं असेल तर जवळपास शोभेचे भोपळे लावायचे नाहीत, ते रंगीत, टणक, टोपलीत सजवून ठेवायचे असतात ते. फुलाफुलांवर माश्या फिरतात, परागांची अदलाबदल होते, आणि पुढच्या वर्षी त्या बियांना जे फळ धरतं ते दिसायला नेहमीसारखंच, पण आत विष. शिजवून ते जात नाही. नुसतं कडू नाही, पोट पिळवटून टाकतं, रक्ताचे जुलाब होतात. अशक्त माणसाला भारी पडतं, आणि पोटुशी बाईला तर विचारायलाच नको.

मागच्या वर्षी शेडच्या दाराला शोभा यावी म्हणून आपल्याच कुंपणावर पिवळ्या-नारिंगी भोपळ्यांचा वेल कुणी चढवला होता? सुरीबाईंनी. आणि त्याच वर्षी, त्याच कुंपणाजवळच्या वाफ्यातलं बी, वाळवून, कागदाच्या पुडीत घालून, कुणी जपून ठेवलं होतं? तेही त्यांनीच. गावभर ज्ञान वाटताना ते स्वतःच्या अंगणात शिंपडायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी व्हॅनवाल्याला फोन लावला. “अरे, पिशव्या किती राहिल्यात?”

“झाल्या की सगळ्या, मावशी. आत्ताच व्हॅन धुवायला घेतली.”

“भोपळे खाऊ द्यायचे नाहीत कुणाला. कडू आहेत. ज्यांच्याकडे फोन नाही त्या घरी तू परत जा. आधी म्हाताऱ्या जोडप्याकडे, त्या दोघांना चव लागत नाही फारशी. पळ.”

“कुणाचे भोपळे, मावशी?”

“पळ म्हटलं ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी उपक्रमाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. ‘आज दिलेले माझे भोपळे’ इतकं लिहिलं आणि थांबल्या. एकेकाचे चेहरे डोळ्यांपुढे आले. गाजरांचा क्रेट उचलून गेलेली, टोमॅटो परत नेलेले, आणि सकाळचा मधवाला. आज हे सगळे वाचणार. बाईंच्या अंगठ्याने ‘माझे’ हा शब्द पुसून टाकला. ‘आज दिलेले भोपळे खाऊ नका, कडू आहेत, फेकून द्या.’ पाठवून दिलं. महत्त्वाचं काय ते सांगितलं ना, त्या स्वतःशी म्हणाल्या. कुणाचे ते नंतर बघता येईल.

उत्तरं धडाधड यायला लागली. बऱ्याच जणांनी अजून चिरलेच नव्हते. एकीने चाखून टाकून दिला होता आणि आपलीच काहीतरी चूक झाली असेल असं समजून गप्प बसली होती. मग कुणीतरी लिहिलं: ‘मधवाल्याचे ना? सकाळी बाईंनी परत केले होते ते. पिशव्यांत गेलेच कसे?’ त्याखाली दुसऱ्याने लिहिलं: ‘बाईंनी आधीच ओळखलं होतं.’ तिसऱ्याने बाईंना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

बाई त्या चित्राकडे बघत राहिल्या. नाही म्हणून लिहायचं होतं, अंगठा तयारही होता, पण तो खाली उतरेना. तेवढ्यात खाली एक नवी ओळ आली. लेकीची. ग्रुपवर ती कधी चकार शब्द लिहीत नसे.

‘मग माझ्याकडचा ठीक आहे. माझा आईच्या मळ्यातला आहे. छान होता, संपवला.’

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

लेकीला त्यांनी कसं वाढवलं होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ताटात घेतलं की संपवायचं. तोंड वाकडं करायचं नाही. मातीत राबून पिकवलेलं आहे, टाकायचं नाही. लहानपणी ती पोर जून झालेल्या शेंगांचे दोरे तासभर चघळत बसायची, डोळ्यांत पाणी आणायची, पण ताट पुसून दाखवायची. आईच्या मळ्यातला भोपळा कडू लागला म्हणून ती टाकणार? गिळला असेल. एकेक घास गिळला असेल.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला. मग बाईंनी ग्रुपवर लिहिलं, या वेळी अंगठा कुठेच अडला नाही: ‘भोपळे माझे होते. माझ्या मळ्यातले. मधवाल्याचे नाहीत. माझी चूक आहे. कुणीही खाऊ नका.’ तेच लेकीला वेगळं पाठवलं. त्यापुढे दोन टिका आल्या. पण त्या निळ्या होईनात.

“जावयाला लावा फोन,” त्या म्हणाल्या.

“त्याची पाळी चालू आहे, कारखान्यात फोन बाहेर ठेवतात,” यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते पोटावर हात धरून बसले होते. “मी बरा आहे. एकदा उलटी झाली की मोकळं वाटेल. तू जा.”

जायचं कसं? बस तासाभराने. रिक्षा या बाजूला फिरकत नाही. बाई चपला घालून दाराबाहेर आल्या, आणि फाटकाशी स्कूटर थांबली. मागे क्रेट बांधलेला, क्रेटमध्ये छोटे गोल भोपळे.

“बाई,” मधवाला न उतरताच म्हणाला. “मला घरून फोन आला, ग्रुपवर काय चाललंय ते कळलं. माझे भोपळे सगळेच्या सगळे इथे आहेत. मोजून बघा हवे तर. मग लोकांच्या पिशव्यांत गेले ते कुठले?”

“माझे,” बाई म्हणाल्या. “आणि एक पोरीकडे गेलाय. तिला दिवस आहेत. ती फोन उचलत नाहीये.”

मधवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला आलेला माणूस बरंच काही ठरवून आलेला असतो, ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो उतरला, दोरी सोडली आणि क्रेट बाईंच्या पायरीवर ठेवला.

“बसा,” तो म्हणाला.

रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. मधवाला मातीच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत होता आणि बाई मागे बसून एका हाताने फोन कानाला लावत होत्या. पलीकडे रिंग जात होती आणि तुटत होती. पुलाच्या तोंडाशी विटांचा ट्रक आडवा झाला होता. ट्रकवाला मागे घे, पुढे घे करत होता आणि एक माणूस हात हलवून त्याला आणखीच गोंधळात टाकत होता. बाईंना उतरून धावत सुटावंसं वाटलं. पण पुलापलीकडे अजून बरंच अंतर होतं.

“तुमच्या माश्यांनी केलंय हे,” त्या एकदम म्हणाल्या. काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना, आणि दुसरं काही सुचेना. “माझ्या कुंपणावरून माझ्या वाफ्यात.”

“माश्यांना काय कळतंय,” मधवाला पुढे बघतच म्हणाला. “त्या फूल दिसेल तिथे बसतात. वेल कुणी लावला होता?”

ट्रक सरकला. मधवाल्याने इतक्या अरुंद फटीतून स्कूटर काढली की बाईंचा गुडघा ट्रकच्या चाकाला घासून गेला.

इमारतीच्या जिन्याला कठडा नव्हता. बाई भिंतीला हात लावत वर गेल्या, मागे मधवाला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोरीत नळ चालू होता आणि कुणीतरी उलटी करत होतं.

मग नळ बंद झाला आणि लेक तोंड पुसत बाहेर आली. चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले, पोट आता चांगलं दिसत होतं. आईला दारात बघून ती तिथल्या तिथे थांबली.

“तू?”

“फोन का उचलत नव्हतीस?”

“आवाज बंद करून चार्जिंगला लावला होता आणि पडले होते. काय झालं?”

“भोपळा किती खाल्लास?”

बाईंना वेगळं काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते हेच, आणि त्याच आवाजात, जो बाईंच्या घरात वर्षानुवर्षं ताटाशेजारी उभा राहून बोलत आला होता. लेकीने मान जरा ताठ केली.

“सगळा,” ती म्हणाली. “ताट पुसून.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय. काहीच टाकलं नाही. छान होता.”

बाईंनी दाराची चौकट धरली. डॉक्टरला फोन करायचा, पण नंबर कुठला, कुणाला आधी, जावयाला कसं सांगायचं, काहीच जागेवर लागत नव्हतं. ही पोर त्यांच्यासमोर उभी होती, पांढरी पडलेली, आणि त्यांच्या भोपळ्याला छान म्हणत होती.

“बाई,” मागून, जिन्याच्या पायरीवरून मधवाला हळूच म्हणाला, “तिला सांगा तरी. परीक्षा घेताय असं वाटतंय तिला.”

बाईंच्या तोंडात अजूनही तो कडूपणा होता.

“माझा भोपळा कडू होता,” त्या म्हणाल्या. “नुसता कडू नाही, विषारी. मी बी चुकीचं धरलं. ग्रुपवर लोक यांचं नाव घेत होते आणि मी गप्प बसले. म्हणून तुला वाटलं, तुझा ठीक आहे. माझं चुकलं. सगळं माझंच चुकलं. आता सांग, किती गेला पोटात? मी रागावणार नाही. मला फक्त डॉक्टरला सांगायचंय.”

आईच्या तोंडून हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते, आणि ते खरे आहेत का हे तिला जरा वेळ कळेना. मग ती ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली, पोटामुळे एका बाजूने वाकली आणि झाकण उचललं. वर वर्तमानपत्र होतं. तिने ते बाजूला केलं. खाली भाजी होती, भांडंभर, हातही न लावलेली, आणि वर एक चावून थुंकलेली फोड.

“एक घास,” ती म्हणाली. “तोही गिळला नाही. पोटात काहीच गेलं नाही.”

“मग ती उलटी?”

“रोजची आहे, आई. दुपारी होतेच. तुला कुठे माहीत असणार.”

बाई खाली बसल्या, सरळ फरशीवर. रडायला आलं तर त्यांनी ते थांबवलं नाही. लेकही शेजारी बसली, भिंतीला टेकून.

“मग छान होता म्हणून का लिहिलंस?”

“टाकला म्हणून सांगायची भीती वाटली. वर वर्तमानपत्रसुद्धा घातलं, बघ. इथे तू येणार नाहीस हे माहीत असून.” ती जरा हसली, मग हसू गेलं. “आणि आधी मला वाटलं, माझ्याच तोंडाला काहीतरी झालंय. म्हणतात ना, अशा दिवसांत चव बदलते. तुझा भोपळा कडू कसा असेल? म्हणून दुसरा घासही घेणार होते. चमचा भरला होता. पण हात वर जाईना. मग मीच रडत बसले, की तुझ्या हातचं एवढं आलंय आणि मला ते खाता येत नाही.”

बाईंच्या डोळ्यांपुढे तो भरलेला चमचा आला. ओट्याजवळ एकटी उभी असलेली ही पोर, आणि मनात आईचा आवाज.

“टाकलास ते फार चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला अन्न टाकल्याबद्दल शाबासकी दिली असेल. “ऐकतेस का? मी वाढलेलं असलं तरी टाकायचं.”

तरी त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला फोन केलाच. गिळलं नाही म्हणताय तर काळजी नको, पाणी पीत राहा, काही वाटलं तर लगेच या, असं नर्स म्हणाली. मग घरी फोन केला. यजमानांना उलटी होऊन गेली होती आणि ते मधवाल्याच्या भोपळ्याची भाजी करायच्या विचारात होते. व्हॅनवाला म्हाताऱ्या जोडप्याच्या घरून बोलत होता, त्यांनी तो भोपळा अजून टेबलावर सजवून ठेवला होता, छान दिसतो म्हणून. ग्रुपवर बाईंच्या कबुलीखाली बराच वेळ कुणीच काही लिहिलं नव्हतं.

मधवाला अजून बाहेर पायरीवरच होता. लेकीने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. तो ग्लास हातात धरून खोलीभर नजर फिरवत बसला.

“खिडकी छान आहे,” तो म्हणाला. “दुपारचं ऊन येत नाही.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

“आई, तू चाखला नव्हतास का तो?” लेकीने विचारलं.

“नाही.”

“आणि दुसऱ्या कुणी?”

“माझा माल कोण चाखणार?” बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना ते ऐकू आलं. मधवाल्याने पाण्याचा घोट घेतला.

लेकीने हात पुढे केला. “सुरी दे.”

बाईंनी एप्रनच्या खिशातून सुरी काढली. सकाळपासून एप्रन अंगावरच होता. सुरी मुठीच्या बाजूने लेकीच्या हातात दिली. लेकीने निळ्या पिशवीतून एक गाजर काढलं, धुतलं, मधोमध कापलं आणि चकती तोंडात टाकली. डोळे मिटले नाहीत तिने. सरळ आईकडे बघत चावत राहिली, बराच वेळ.

“हेही तुझ्याच मळ्यातलं ना?”

“हो.”

“जून आहे,” लेक म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. पाऊस उशिरा झाला, उपटायला आठवडाभर उशीर झाला, शिवाय जून गाजर शिजवलं की गोडच लागतं, हे सगळं जिभेवर आलं होतं. मधवाला ग्लासात बघत होता.

“आहे,” सुरीबाई म्हणाल्या.